सामायिक वही कुणाच्या नावावर?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, एका गट समन्वयक ताईंच्या शब्दांत)



कुणी भाकरी थापता थापता, कुणी निवडणं करता करता रेडिओ लावून बसल्या असाल. आज मी बचतीच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही, कर्जफेडीबद्दलही नाही. आज आमच्या ग्रामसंघाकडून झालेल्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आम्हाला ठेच लागली, तुम्ही शहाण्या व्हा.

आमच्या ग्रामसंघातले काही गट मिळून नाचणीच्या लाडवाचं तयार पीठ करतात. नाचणी भाजायची, दळायची, त्यात गुळाची पावडर आणि वेलदोडा घालायचा, पाकिटं भरायची. तूप गरम करून घातलं की लाडू वळता येतात. दोन वर्षांपूर्वी सचिवताईंच्या पुतणीनं, ती तेव्हा बीसीए शिकत होती, आमच्यासाठी इंटरनेटवर एक पान तयार करून दिलं. लाडू कसे वळायचे, पिठात काय काय आहे, गट कुठला, फोन कुणाला करायचा, असं सगळं त्यावर होतं. पाकिटावर तो काळा-पांढरा चौकोन छापला. मोबाईल धरला की पान उघडायचं. एकही रुपया न घेता पोरीनं हे केलं. आम्ही तिचा सत्कार केला, नारळ दिला, फोटो काढले.

पुढे पोरगी नोकरीला पुण्याला गेली. एसटीत तिचा फोन हरवला. आणि त्याच सुमारास आम्ही पिठात शेंगदाण्याचं कूट घालायला लागलो. पाकिटावरच्या यादीत शेंगदाणा लिहिला. इंटरनेटवरच्या पानावर मात्र तो नव्हता. म्हटलं, पोरगी बदलेल. पोरीला तर तिच्याच खात्यात शिरता येईना. खात्याला दुसरं कुलूप होतं, त्याचा आकडा फोनमध्ये यायचा, आणि अडचणीच्या वेळी वापरायचे राखीव कोड तिनं फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवले होते. फोन गेला, किल्ली गेली, आणि जादा किल्लीही गेली.

जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर एक बाई आली. एका हातात पाकीट, एका हातात मोबाईल. म्हणाली, "ताई, पाकिटावर शेंगदाणा लिहिलाय, तुमच्या पानावर नाही. खरं कोणतं? माझ्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो." आम्ही खरं ते सांगितलं. तिनं पाकीट खाली ठेवलं आणि निघून गेली. बरं झालं तिनं विचारलं. पण एखादीनं विचारलंच नसतं तर? पान वाचून, विश्वासानं, लेकराच्या हातात लाडू दिला असता तर?

त्या रात्री आम्ही सहाजणी उरलेल्या पाकिटांवरचा चौकोन काळ्या पेननं खोडत बसलो. तेव्हा अध्यक्षताई म्हणाल्या, "गटाचे पैसे आपण कधी एकीच्या नावावर ठेवले का? मग हे पान कसं ठेवलं?"

मैत्रिणींनो, सगळं भाषण या एका प्रश्नात आहे.

चूक पोरीची नव्हती. ज्या ठिकाणी ते पान ठेवलं होतं, त्यांचीही नव्हती. कुलूप मजबूत असतं, म्हणून तर आपण लावतो. चूक आमची होती. सगळ्यांची वस्तू आम्ही एकीच्या नावावर राहू दिली. आणि त्याच ठिकाणी सगळ्यांच्या नावावर ठेवायची सोय होती, तीही फुकट. ती सोय काय आहे, ते आज सांगते. तुमच्याही घरात, भावकीत कुणी मुलगी कॉम्प्युटर शिकत असेल, उद्या तुमच्या गटासाठी असं काही करून देईल. तेव्हा तुम्हाला चार प्रश्न विचारता आले पाहिजेत.

त्या ठिकाणाचं नाव गिटहब. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणारी जगभरातली माणसं आपलं काम तिथं ठेवतात. याची मुळं अशी. लिनस टोरवाल्ड्स नावाचा फिनलंडमध्ये जन्मलेला प्रोग्रामर आहे, लिनक्सचा जनक. हजारो माणसं मिळून एकच प्रोग्राम लिहीत होती, तेव्हा कुणी काय बदललं याचा हिशेब राहावा म्हणून त्यानं २००५ साली 'गिट' नावाचं साधन बनवलं. २००८ साली त्या साधनावर उभी असलेली इंटरनेटवरची जागा सुरू झाली, ती गिटहब. २०१८ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीनं ती विकत घेतली.

हे आपल्यापासून फार लांबचं आहे असं समजू नका. मुलांच्या बालभारतीच्या पुस्तकावर जो चौकोन असतो, तो स्कॅन केला की 'दीक्षा' उघडतं. हे दीक्षा 'सनबर्ड' नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरवर उभं आहे आणि त्या सनबर्डचं काम गिटहबवर उघडं ठेवलेलं आहे. मोबाईलवर मराठी वाचताना 'मुक्ता' किंवा 'बलू' ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील, नाव माहीत नसेल एवढंच. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या मंडळींनी ती केली. तीही तिथं ठेवलेली आहेत, कुणीही घेऊन वापरावीत म्हणून.

आता त्या ठिकाणी काम कसं चालतं ते सांगते. गटाची वही ज्या बाईला कळते, तिला हे कळायला अडचण नाही.

तिथं एका कामाची एक 'रिपॉझिटरी' असते. आपण तिला वही म्हणू. आमच्या लाडूपिठाच्या पानाची एक वही. या वहीत कुणी काहीही बदललं की नोंद होते: कुणी बदललं, कोणत्या तारखेला, किती वाजता, आधी काय होतं, आता काय आहे, आणि बदलणाऱ्यानं लिहिलेलं कारण. या नोंदीला 'कमिट' म्हणतात. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत आपण खाडाखोड करत नाही. चुकलं तर रेघ मारतो, बाजूला बरोबर लिहितो आणि सही करतो. तसंच हे. जुनं पुसलं जात नाही, म्हणून उद्या कुणी म्हणालं की "हे मी लिहिलंच नाही", तर वही उघडून दाखवता येतं. आणि नवीन बदलानं काही बिघडलं तर कालच्या रूपावर परत जाता येतं.

वही दोन प्रकारची असते. एक उघडी, जगात कुणीही वाचावी अशी. दुसरी झाकलेली, आपण ज्यांना परवानगी देऊ त्यांनीच पाहावी अशी. आमच्या पानाची वही उघडी होती. म्हणून खातं बंद पडलं तरी मजकुराची नक्कल करून घेता आली. ते तेवढं वाचलं. पत्ता मात्र गेला. कारण पानाच्या पत्त्यात त्या पोरीच्या खात्याचं नाव होतं आणि पाकिटावरचा चौकोन त्याच पत्त्याकडे बोट दाखवत होता. जुनं पान आजही इंटरनेटवर आहे, शेंगदाण्याशिवाय. ते आम्हाला बदलता येत नाही, काढताही येत नाही. म्हणून पाकिटं खोडावी लागली.

आता मुख्य गोष्ट. वही कुणाच्या नावावर?

गिटहबवर दोन प्रकारची खाती असतात. एक माणसाचं, म्हणजे वैयक्तिक खातं. दुसरं 'ऑर्गनायझेशन', म्हणजे संस्थेचं किंवा संघाचं खातं. वैयक्तिक खात्यातल्या वहीत तुम्ही चारचौघींना लिहायला बोलावू शकता, पण मालकीण एकच राहते. वहीच्या मोठ्या गोष्टी, नाव बदलणं, ती दुसऱ्याच्या नावावर करणं, काढून टाकणं, हे तीच करू शकते. बाकीच्या पाहुण्या. पाहुणीनं दहा वर्षं स्वयंपाक केला तरी घर तिच्या नावावर होत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

संघाचं खातं तसं नाही. वही संघाच्या नावावर असते आणि माणसं तिथं येतात-जातात. यातली एक गंमत ऐका. संघाच्या खात्याला स्वतःचा पासवर्डच नसतो. त्या खात्यात कुणी 'संघ' म्हणून शिरूच शकत नाही. प्रत्येकीनं आपल्या स्वतःच्या खात्यानं शिरायचं आणि तिथून संघाच्या वहीवर काम करायचं. बँकेत गटाचं खातं असतं, पण सही 'गट' करत नाही. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आपापल्या नावानं करतात. अगदी तसंच.

म्हणून एक पासवर्ड कागदावर लिहून पाचजणींनी वापरायचा, ही आपली सवय तिथं चालत नाही. एका खात्यात एकाच माणसानं शिरायचं, असा त्यांचा नियम आहे. आणि तो आपल्याच भल्याचा आहे. पाचजणींनी एकाच नावानं लिहिलं तर चूक कुणाची आणि चांगलं काम कुणाचं, दोन्ही कळणार नाही. वयाचंही लक्षात ठेवा, १३ वर्षांखालच्या मुलांना खातं काढता येत नाही. म्हणजे सातवीतल्या पोराच्या हुशारीवर गटाचा कारभार सोपवायचा नाही.

संघाचं साधं खातं फुकट आहे. २०२० पासून फुकटच्या खात्यातही झाकलेल्या वह्या हव्या तेवढ्या ठेवता येतात आणि माणसंही हवी तेवढी घेता येतात. काही जादा सोयींना महिन्याला पैसे पडतात. आपल्यासारख्यांना फुकटचं पुरतं.

आता संघात कुणाला काय अधिकार द्यायचे ते पाहू. सर्वांत वर 'ओनर', म्हणजे मालकीण. तिला सगळं करता येतं: माणसं घेणं, काढणं, वही काढून टाकणं, संघच बंद करणं. बाकीच्या 'मेंबर', म्हणजे सभासद. ओनर कमीत कमी दोघी ठेवा, असं गिटहबवालेही सांगतात. एकीचा फोन हरवला, एकीचं लग्न झालं, एकीचं बाळंतपण आलं, एकीचं काही बरंवाईट झालं, तरी दुसरी असते. पण सगळ्याच ओनर करू नका. तिजोरीच्या किल्ल्या सगळ्यांच्या गळ्यात घालत नाहीत.

मग एकेका वहीवरचे अधिकार. ते पाच पायऱ्यांचे आहेत. पहिली पायरी 'रीड': वाचायचं, अडचण सांगायची, पण मजकुराला हात लावायचा नाही. दुसरी 'ट्रायाज': आलेल्या तक्रारी आणि सूचना नीट लावायच्या, कोणती कुणाकडे द्यायची ते ठरवायचं, मजकूर बदलायचा नाही. तिसरी 'राइट': प्रत्यक्ष लिहायचं, बदलायचं. चौथी 'मेंटेन': वहीची रोजची व्यवस्था पाहायची, पण धोक्याच्या गोष्टी करायच्या नाहीत. पाचवी 'अ‍ॅडमिन': त्या वहीचं सगळं, काढून टाकण्यासकट. नियम सोपा ठेवा. जिला जेवढ्या कामाला लागतो तेवढाच अधिकार. यात मानापमान नाही. रीड दिलं म्हणून कुणी कमी होत नाही आणि अ‍ॅडमिन दिलं म्हणून कुणी सासू होत नाही.

आता 'टीम'. हीच खरी सामायिक कामाची जागा. संघात पंचवीस बाया झाल्या आणि वह्या चार झाल्या, तर प्रत्येकीला प्रत्येक वहीवर वेगळा अधिकार देत बसलं तर घोळ होतो. कुणाला दिला, कुणाचा काढायचा राहिला, लक्षात राहत नाही. म्हणून आधी टीम करायची आणि अधिकार टीमला द्यायचा. आमच्या तीन टीम आहेत. 'मजकूर' टीममध्ये पाककृती आणि घटकांची यादी लिहिणाऱ्या, त्यांना राइट. 'तपासणी' टीममध्ये कोषाध्यक्षताई आणि पीठ करणाऱ्या गटाच्या दोघी, त्यांनाही राइट, कारण त्यांची मान्यता मोजली जावी लागते. 'चौकशी' टीममध्ये फोन घेणाऱ्या दोघी, त्यांना ट्रायाज.

एखादी ताई नवीन आली की तिला टीममध्ये घ्यायचं. टीमचे सगळे अधिकार तिला आपोआप मिळतात. काम सोडलं की टीममधून काढायचं, अधिकार आपोआप जातात. टीमच्या पोटात दुसरी टीमही करता येते, आणि वरच्या टीमचे अधिकार खालच्या टीमला मिळतात. ग्रामसंघाच्या पोटात गट असतात तसंच. कुणाला निरोप द्यायचा असला तर टीमच्या नावाआधी ईमेलमधलं ते गोल चिन्ह लावून लिहायचं, सगळ्यांना निरोप जातो. एकेकीला फोन करायला नको.

एक जागा मात्र तपासून घ्या. संघात 'बेस परमिशन' नावाची एक गोष्ट असते. टीम असो नसो, प्रत्येक सभासदाला संघाच्या सगळ्या वह्यांवर कमीत कमी किती अधिकार, ते तिथं ठरतं. सुरुवातीला ते 'रीड' असतं. म्हणजे सभासद झालेली बाई तुमच्या झाकलेल्या वह्याही वाचू शकते. तुम्हाला ते नको असेल तर 'नन' करायचं आणि टीमनुसारच अधिकार द्यायचे. बाहेरचा कुणी, समजा कॉलेजचा मुलगा, एखाद्याच वहीवर मदत करणार असेल, तर त्याला सभासद करायची गरज नाही. त्याला त्या एका वहीपुरता 'बाहेरचा सहकारी' म्हणून घेता येतं.

बोलावणं ईमेलवर जातं आणि सात दिवसांत स्वीकारावं लागतं. नाही तर ते बाद होतं, पुन्हा पाठवावं लागतं. आमच्या दोघींचं बाद झालं, कारण ईमेल त्या उघडतच नव्हत्या. म्हणून आता बोलावणं बैठकीच्या दिवशीच पाठवतो आणि तिथंच स्वीकारून घेतो.

आता काम कसं करायचं, त्याची रीत. आपल्या बैठकीत ठराव कसा होतो? एकजण विषय मांडते, चर्चा होते, सूचक असते, अनुमोदक असते, मग ठराव वहीत जातो. तिथंही तेच आहे. आधी 'इश्यू' लिहायचा, म्हणजे विषय मांडायचा: "पिठात शेंगदाणा घातला आहे, पानावर लिहिला पाहिजे." मग जिच्याकडे काम आहे ती मूळ मजकुराला हात न लावता बाजूला एक प्रत घेते, तिला 'ब्रँच' म्हणजे फांदी म्हणतात. फांदीवर बदल करते. मग 'पुल रिक्वेस्ट' घालते, म्हणजे विनंती करते की माझा बदल पाहा आणि मूळ मजकुरात घ्या. ही झाली सूचक. दुसरी बाई तो वाचते. जुनं-नवं शेजारी शेजारी दिसतं, काढलेलं लाल आणि घातलेलं हिरवं. चूक दिसली तर तिथंच लिहिते. बरोबर असेल तर मान्यता देते. ही झाली अनुमोदक. मगच बदल मूळ मजकुरात मिसळतो.

दुसरीच्या मान्यतेशिवाय मिसळताच येऊ नये, असं कुलूपही लावता येतं. उघड्या वहीला ते फुकट मिळतं, झाकलेल्या वहीला त्यासाठी पैशाची योजना घ्यावी लागते. आम्ही ते कुलूप लावलंय आणि एक नियमही केलाय: घटकांची यादी बदलायची असेल तर मान्यता तपासणी टीममधलीच बाई देणार, म्हणजे जिनं ते पीठ स्वतः कालवलंय ती. इंग्रजी येणारी नव्हे, पीठ माहीत असणारी. बटणं इंग्रजीत आहेत हे खरं. पण मजकूर, इश्यू, कारणं, सगळं मराठीत लिहिता येतं. आमच्या वहीतली पहिली नोंद आहे, "शेंगदाणा घातला. आजपासून खरं लिहिलं." सचिवताईंनी लिहिलेली.

आता काय ठेवायचं नाही ते ऐका. हे कान देऊन ऐका. सभासदांचे आधार नंबर, बँक खात्याचे नंबर, कुणावर किती कर्ज आहे ती यादी, पासवर्ड, यातलं काहीही उघड्या वहीत टाकायचं नाही. मी तर म्हणते झाकलेल्या वहीतही टाकू नका. ती वही पुसत नाही, हे मघाशी गुण म्हणून सांगितलं. इथं तोच गुण उलटतो. चुकून टाकलं आणि लगेच काढलं, तरी जुन्या नोंदीत ते राहतं. दरम्यान कुणी नक्कल करून घेतली असेल तर ती परत घेता येत नाही. एखादीचं थकलेलं कर्ज तिच्या व्याह्यांनी इंटरनेटवर वाचलं, तर तिच्या लेकीच्या संसारात काय होईल, याचा विचार करा. पैशाचा हिशेब आपल्या नेहमीच्या वहीत आणि ठरलेल्या अ‍ॅपमध्येच ठेवायचा.

तसंच तिथं दुकान थाटायचं नाही. गिटहबचं फुकटचं पान ऑनलाइन विक्रीसाठी नाही, असा त्यांचा नियम आहे. माहिती, पाककृती, गटाची ओळख एवढंच ठेवायचं. विक्रीसाठी दुसऱ्या जागा आहेत.

किल्ल्यांबद्दल. खात्याला दुसरं कुलूप लावाच. आमचं नुकसान झालं ते कुलपामुळे नव्हे, जादा किल्ली त्याच खिशात ठेवल्यामुळे. कुलूप लावताना राखीव कोड मिळतात. ते कागदावर लिहून किंवा छापून घ्या आणि रेशनकार्ड, सातबारा ठेवता त्या पिशवीत ठेवा. फोनमध्ये नको. प्रत्येकीचे कोड तिच्याचकडे. दुसरीला द्यायचे नाहीत. फोन आणि कोड दोन्ही गेले तर कंपनीही खातं उघडून देईल याची खात्री नाही. आणि कॉलेजच्या किंवा सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर काम केलं तर उठताना बाहेर पडायला विसरू नका.

कुणाच्या वैयक्तिक खात्यात आज तुमची वही असेल तर घाबरू नका. ती मुलगी जवळ आहे, तिचं खातं चालू आहे, तोवर वही संघाच्या नावावर करून घ्या. 'ट्रान्सफर' म्हणून सोय आहे. वहीचा जुना पत्ता आपोआप नव्याकडे नेतो. पण इंटरनेटवर दिसणाऱ्या पानाचा पत्ता तसा नेत नाही. तो बदलतो. म्हणून पाकिटावर, फलकावर चौकोन छापायच्या आधी वही संघाच्या नावावर करा. आधी नाव, मग छपाई. आम्ही उलटं केलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. वैयक्तिक खात्याला वारस नेमता येतो. बँकेत आपण नॉमिनी लावतो तसा. खातं असणारं माणूस गेलं तर तो वारस त्याच्या उघड्या वह्या सांभाळू शकतो. कागदपत्र मागतात, पण सोय आहे. आपण मरणाबद्दल बोलायला कचरतो. पण सामायिक वस्तू सांभाळायची तर बोललं पाहिजे.

शेवटी खरं सांगते. प्रत्येक गटाला याची गरज नाही. तुमचं काम वहीत आणि फोनवर नीट चालत असेल तर उगाच हौस म्हणून करू नका. पण गटासाठी कुणी कॉम्प्युटरवर काही करून देत असेल, तर तिला चहा द्या, शाबासकी द्या आणि हे प्रश्न विचारा. हे कुणाच्या नावावर आहे? मालकिणी कमीत कमी दोन आहेत का? तू उद्या नसलीस तर कोण बदलणार? बदल दुसरी कुणी तपासते का? आणि त्यात आमच्या बायांची खासगी माहिती तर नाही ना? पोरगी समजूतदार असेल तर रागावणार नाही. आमचीही रागावली नाही. नवीन संघखात्यात ती आज सभासद आहे, पुण्याहून पुल रिक्वेस्ट घालते. मान्यता आमच्या कोषाध्यक्षताई देतात. त्या सातवी शिकल्यात. परवाच त्यांनी तिचा एक बदल परत पाठवला, खाली लिहिलं, "गूळ वाटीनं नाही, वजनानं लिही." पोरीनं वजनानं लिहिलं.

नवीन चौकोनाची पाकिटं आता बाजारात आहेत. प्रत्येक बैठकीत, बचत गोळा झाल्यावर, आम्ही एक पाकीट घेऊन चौकोन स्कॅन करतो. पाकिटावरची यादी आणि पानावरची यादी मोठ्यानं वाचतो. दोन्ही जुळल्या की इतिवृत्तात लिहितो, "यादी जुळली." त्याला दोन मिनिटं लागतात. त्या स्टॉलवरच्या बाईचं नाव आम्हाला माहीत नाही. पण ती दोन मिनिटं तिच्या लेकरासाठी आहेत.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. नमस्कार.